नादकाटा

"बॅटरी उतरलीय का गं तुझी?" वेलांटीबाईंनी चश्म्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, तेव्हा मी वनस्पतिशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकाचं हस्तलिखित वाचत होते. आमच्या कामाची रीत अशी की एकीने हस्तलिखित मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने समोरच्या मुद्रितावर पेन्सिल फिरवायची. वाचणारीने शब्दांबरोबर स्वल्पविराम, अर्धविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणायचं. सोळा वर्षं आम्ही दोघी एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून हेच करत आलोय. ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक त्यांच्या हातून सुटत नाही म्हणून सगळं ऑफिस त्यांना वेलांटीबाई म्हणतं, आणि त्या फोनवरसुद्धा तेच नाव सांगतात. "म्हणजे कसं," त्या म्हणाल्या, "जुन्या टेपरेकॉर्डरची बॅटरी संपत आली की गाणारी बाई हळूहळू बुवा व्हायची ना, तसं ऐकू येतंय. मी केव्हाची पुढच्या ओळीवर जाऊन तुझी वाट बघत बसलेय." आम्ही हसलो. मी घसा खाकरला, घोटभर पाणी प्यायले आणि 'पानांवरील सूक्ष्म छिद्रे, स्वल्पविराम,' असं पुन्हा सुरू केलं. पण पुढचा सगळा पाठ मी माझाच आवाज ऐकत वाचला. तो जाड येत होता, शब्दांच्या कडा बोथट झाल्यासारखा. आणि मला आठवत राहिलं की हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ऐकलं होतं. ते दुसऱ्या एका आवाजाबद्दल होतं आणि तेव्हाही आम्ही सगळे हसलो होतो.

डॉक्टरकडे गेले ती घसा दाखवायला. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असलेल्या त्या बाईंनी घसा अर्धा मिनिट पाहिला आणि मनगट मात्र बराच वेळ धरून ठेवलं. "पोहता का तुम्ही? धावता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बस चुकली तरी धावत नाही. "मग नाडी इतकी संथ कशी?" त्यांनी मला एक घोट पाणी तोंडात धरायला सांगितलं आणि गिळताना गळ्याकडे नीट पाहिलं. मग खुर्चीवर गुडघे टेकवून उभं केलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबराची हातोडी हलकेच मारली. पाऊल झटक्याने उडालं आणि परत यायचं विसरल्यासारखं जरा थांबून सावकाश खाली आलं. त्यांनी पुन्हा मारून पाहिलं. "जातं पटकन," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "येतं सावकाश." मग प्रश्न सुरू झाले. थंडी जास्त वाजते का, कातडी कोरडी पडते का, केस गळतात का, चेहरा सकाळी सुजल्यासारखा वाटतो का, एखादा शब्द सापडायला वेळ लागतो का? मी हो, हो म्हणत गेले. मला वाटत होतं की ही उत्तरं मला आधीपासून पाठ आहेत, फक्त ती माझी नाहीत.

तिसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल समोर ठेवून त्यांनी समजावून सांगितलं. गळ्यातली थायरॉइड नावाची ग्रंथी फार कमी काम करतेय. शरीराचा वेग तीच ठरवते. ती मंदावली की सगळं मंदावतं, आणि हृदय त्यातून सुटत नाही. ठोके कमी होतात, त्याचा स्नायू पूर्वीइतका जोर लावत नाही, रक्तातली चरबी साचत जाते, रक्तवाहिन्या कडक होतात, आणि फारच दुर्लक्ष झालं तर हृदयाभोवती पाणीसुद्धा धरतं. "कधीकधी लोक वर्षानुवर्षं हृदयाची औषधं घेत राहतात आणि मूळ इथे असतं," त्या स्वतःच्या गळ्याला दोन बोटं लावत म्हणाल्या. "तुम्ही घाबरू नका. हृदयाचा आलेख चांगला आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास चहा नाही, काही नाही. बहुतेकांचं सगळं मूळपदावर येतं. आवाजही येतो." मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात कुणाला होतं का हे? आईला वगैरे?" मी नाही म्हटलं. रस्त्यावर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मला म्हणायचं होतं 'माहीत नाही'. आणि बसथांब्यापर्यंत पोचेपर्यंत तेही खरं राहिलं नाही.

आई पुस्तकं वाचायची. आपण वाचतो तशी नाही, दुसऱ्यांसाठी. अंधांच्या वाचनालयासाठी ती एकतीस वर्षं पुस्तकं मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करत होती आणि बाबा तिथे ध्वनिमुद्रणाचं यंत्र सांभाळायचे. तिचा आवाज गोड नव्हता, स्वच्छ होता. पेल्यात पाणी ओतताना काठापर्यंत चढत जाणारा जो आवाज असतो ना, त्या जातीचा. एकदा बसमध्ये तिने "जरा सरकता का" एवढंच म्हटलं, तर पलीकडच्या बाकावरच्या एका अंध गृहस्थांनी मान वळवून विचारलं, "तुम्हीच वाचता ना?" ही गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची, आणि दर वेळी ते गृहस्थ तिच्या आणखी जवळच्या बाकावर येऊन बसायचे. बाबांना ती यंत्रोबा म्हणायची. बाबांची एक पद्धत होती. प्रत्येक नव्या रिळाच्या सुरुवातीला, आई बोलण्याआधी, ते पोलादी नादकाटा, म्हणजे दोन दांड्यांचा ट्यूनिंग फोर्क, गुडघ्यावर आपटून मायक्रोफोनसमोर धरायचे. तो एकच सूर दहा सेकंद वाजायचा. यंत्र म्हातारं होतं, रबरी पट्टा सैल पडतो, वेग कमीजास्त होतो, पण पोलादाचा सूर बदलत नाही, असं ते मला लहानपणी सांगायचे. पुढे कधी शंका आली तर टेपवरचा काटा आणि हातातला काटा शेजारी शेजारी वाजवून बघायचं. जुळले तर यंत्र खरं. वाचनालयाच्या प्रती काढताना मात्र तो सूर ते गाळून टाकत. ऐकणाऱ्याला तो कशाला?

पुढे वाचनालयाचे दोन जिने आईला चढवेनासे झाले, तेव्हा बाबांनी यंत्र घरी आणलं आणि मागच्या खोलीच्या भिंतींना जुन्या रजया ठोकल्या. तिला जिने का चढवत नव्हते, याचा आम्ही कुणीच फारसा विचार केला नाही. साठी उलटलेली होती, एवढं कारण पुरेसं वाटलं. सुरुवात थंडीपासून झाली असावी. भर उन्हाळ्यात ती पायमोजे घालून झोपायची आणि उंच गळ्याचा करडा स्वेटर अंगावेगळा करायची नाही. चेहरा भरला, तर आम्ही म्हणालो, तब्येत सुधारली. भुवयांची बाहेरची टोकं विरळ झाली, ती आई पेन्सिलने पुरी करायची, आणि घाईत एक टोक जरा वर जाऊन दिवसभर कशाचं तरी नवल वाटल्यासारखी दिसायची. घराच्या जिन्याच्या वळणावर थांबून ती खिडकीबाहेर बघायची. तिथून समोरच्या इमारतीची सपाट भिंत दिसते, आणखी काही नाही. मी म्हणायचे, "चल ना गं, गोगलगाय." हे नाव माझं. मी लहानपणापासून भरभर बोलणारी म्हणून तिने मला एक्स्प्रेस म्हटलेलं होतं, त्याची ही परतफेड. मला ते नाव लाडाचं वाटायचं. तिलाही वाटत असेल. फोनवर ती वाक्य सुरू करायची आणि मध्येच एक लांब जागा यायची. ती जागा मी भरून टाकायचे. "बाजारात गेले होते तर तिथे ती... ती..." "शेजारीण भेटली." "हो. आणि तिने मला..." "आई, मला मीटिंग आहे, लवकर सांग." तिला काय सांगायचं होतं ते मी नेहमीच बरोबर ओळखायचे असं मला वाटायचं. आता वाटतं की ती फक्त हो म्हणायची, कारण ते सोपं होतं.

नेहमीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी एकदा नाडी पाहून म्हटलं, "वा, खेळाडूचं हृदय आहे तुमचं." तेव्हापासून तो तिचा आवडता विनोद झाला. भाजीची पिशवी उचलताना दम लागला की म्हणायची, "माझ्या काळजाला शर्यतीला पाठवा, मी बसते इथे." पुढे पाय सुजू लागले, आडवं झालं की श्वास अपुरा पडू लागला, आणि हृदयाचे डॉक्टर, कप्प्यांची गोळ्यांची डबी, आठवड्याचे वार लिहिलेली, असं सगळं ओळीने आलं. कोलेस्टेरॉल फार वाढलंय. हृदयाचा स्नायू थकलाय. भोवती थोडं पाणी आहे. ते अहवाल मी स्वतः वाचले होते. शब्द न् शब्द वाचणं हा माझा धंदा, आणि त्यांत छपाईच्या दोन चुका मला सापडल्याही होत्या. गळ्याकडे कुणी पाहिलं नाही. गळा स्वेटरमध्ये होता. चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी ती चहा ओतताना खाली बसली आणि उठली नाही.

आणि याच सगळ्या काळात, ती जायच्या साधारण पाच वर्षं आधीपासून, बाबांचं यंत्र बिघडलं होतं. एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "मशीन ओढत नाहीये हल्ली. वेग पडतोय. तुझी आई बुवासारखी ऐकू येते." आम्ही हसलो. आईच सगळ्यांत जास्त वेळ हसली, कारण तिचं हसूही सावकाश संपायचं. बाबांनी रबरी पट्टा बदलला. मोटरला तेल दिलं. महिनाभराने तिसरा पट्टा मागवला. शेवटी त्यांनी हार मानली आणि प्रती काढताना वेगाची कळ थोडी थोडी फिरवत, डोळे मिटून ऐकत, आई पुन्हा आईसारखी वाटेल तिथे आणून थांबवली. त्या जागी ती नखांना लावायची त्याच रंगाने एक लाल खूण केली. पुढची पाच वर्षं सगळ्या प्रती त्या खुणेवर निघाल्या. वाचनालयात निरोप यायचे की बाईंचा आवाज वयानं जराही बदलला नाही. बाबा तो निरोप घरी येऊन जसाच्या तसा म्हणून दाखवायचे, आणि आई पेन्सिलीची भुवई उंचावून म्हणायची, "यंत्रोबाची कृपा."

गोळ्यांची पट्टी नऊ दिवस माझ्या पर्समध्ये होती. रोज सकाळी पाण्याचा पेला भरून मी ती हातात घ्यायचे आणि परत ठेवायचे. गोळी इतकी लहान की नखावर मावेल. तिचा आकारच मला सहन होत नव्हता. ती मोठी, कडू, महागडी, दुर्मीळ असती तर मी कदाचित पहिल्याच दिवशी घेतली असती. डॉक्टरांचा दोनदा फोन आला. टाळू नका, असल्या आजारात हृदय गुपचूप सोसत राहतं, असं त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. बसमध्ये चढताना मला कठडा धरावा लागत होता. ऑफिसच्या जिन्याच्या वळणावर एकदा मी थांबले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मागून येणाऱ्या वेलांटीबाई म्हणाल्या, "काय बघतेस एवढं?" मी म्हटलं, "काही नाही." बाहेर खरंच काही नव्हतं.

दहाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी बाबांकडे गेले. त्यांनी दार उघडलं, मी "कसे आहात" म्हटलं, आणि ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ये. तुझ्याकडे काम आहे." आईचं शेवटचं पुस्तक अपुरं राहिलं होतं. एका दीपगृहरक्षकाची तीन खंडांची कादंबरी, तिची शेवटची एकतीस पानं. वाचनालयाच्या सदस्यांत पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलेले एक आजोबा आहेत. ते दर महिन्याला फोन करून विचारतात की त्या दिवेवाल्याचं पुढे काय झालं? "मी त्यांना सांगतो, वाट बघतोय अजून जहाजाची," बाबा म्हणाले. "ते म्हणतात, त्याचं ठीक आहे हो, तो तरुण आहे, माझं वय ब्याऐंशी." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "वाचशील का तू?" मी म्हटलं, "माझा आवाज आईसारखा नाही." "तिच्यासारखा कुणाचाच नाही. तू वाच." आणि पाव आणतो म्हणून ते पिशवी घेऊन खाली गेले.

मागच्या खोलीत यंत्रावर धूळ नव्हती. खुर्चीवरची आईची उशी मधोमध अजून दबलेली होती, आणि बाबांचं स्टूल त्या खुर्चीकडे पाठ करून ठेवलेलं. ते तसंच बसायचे. समोर बसलं की आईला हसू यायचं आणि वाक्य वाया जायचं, म्हणून पाच वर्षं ते तिला कानांवर हेडफोन लावून ऐकत होते आणि पाहत भिंतीवरच्या रजईकडे होते. मी शेवटचं रीळ लावलं. वेगाच्या कळेजवळची लाल खूण घासली गेली होती, नुसता गुलाबी डाग उरला होता. वापरून गेली असेल असं वाटलं. कळ त्या डागावर आणली आणि यंत्र सुरू केलं. आधी काट्याचा सूर आला, मग आई. स्वच्छ, काठापर्यंत चढणारी, जशी मला हवी होती तशी. मी डोळे मिटून दोन ओळी ऐकल्या आणि मग रीळ मागे फिरवलं. नादकाटा तिथेच फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. मी तो गुडघ्यावर आपटला आणि कानाशी धरला. टेपवरचा सूर जरासा चढा होता. दोन सूर एकमेकांना चिकटत नव्हते, मध्ये काहीतरी थरथरत होतं, उकळत्या पाण्यावरच्या झाकणासारखं. जन्मभर मी दोन कागद शेजारी ठेवून हेच करत आले आहे. दोन्ही जुळत नसतील तर एक चुकलेला असतो, आणि कुठला ते मूळ प्रत सांगते. मी कळ मागे फिरवत गेले. थरथर मंद झाली, लांबली, आणि एका जागी थांबली. काटा आणि काटा एक झाले. यंत्र खरं बोलत होतं. ते पाच वर्षं खरंच बोलत होतं. मग त्या खऱ्या वेगात आई बोलू लागली.

मी तो आवाज विसरले होते. म्हणजे मी तो कधी ऐकलाच नव्हता, कारण फोनवर मी त्याच्या पुढे पळत असायचे. जाड, खरखरीत, ओल्या लोकरीसारखा जड आवाज. प्रत्येक शब्द तळहातावर घेऊन वजन करून मग खाली ठेवल्यासारखा. दीपगृहरक्षक जिना चढत होता. त्याच्या पायऱ्या मोजता मोजता आई थांबायची, आणि त्या जागेत तिचा श्वास ऐकू यायचा, आत ओढलेला, परत सोडलेला. प्रतींच्या घाईत तो श्वासही बाबांनी थोडा आखूड केला असणार. चढता चढता त्या माणसाने कठडा धरला असं वाक्य आलं, आणि ते तिने इतक्या ओळखीने वाचलं की मी खुर्चीची कड घट्ट धरली. दाराच्या कुलपात किल्ली फिरली तेव्हा मी यंत्र बंद केलं आणि काटा फडक्यात गुंडाळला.

बाबांना हे कळता कामा नये, असं मी पाव कापताना ठरवलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस. पैसा, मानमरातब, यातलं काही त्यांनी मिळवलं नाही, आणि मिळवायला गेलेही नाहीत. एकच गोष्ट त्यांना येते असं ते मानतात, कानाने ओळखणं. नळाच्या आवाजावरून ते टाकी किती भरली ते सांगतात. आपल्या बायकोचा आवाज त्यांनी मापाची काठी मानला आणि पोलादाला खोटं ठरवलं, हे मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगणार होते? पण मग त्यातच माझी गोळीही अडकली. ती घ्यायची तर रोज सकाळी घ्यायची, कधीतरी त्यांच्यासमोर घ्यायची, कशाची म्हणून विचारल्यावर सांगायचं. त्यापेक्षा पर्स मिटलेली बरी. हा विचार वेडा आहे हे मला कळत होतं. पण थकलेल्या माणसाला वेडे विचार उशीसारखे मऊ लागतात.

मी रात्री तिथेच राहिले. रविवारी सकाळी, चहाच्या आधी, बाबा म्हणाले, "आधी दोन पानं करून टाकू. सकाळचा आवाज चांगला असतो." मी आईच्या खुर्चीत बसले. त्यांनी रीळ चढवलं, स्टूल ओढलं, नादकाटा गुडघ्यावर आपटून माझ्या तोंडासमोर धरला आणि तो विझेपर्यंत धरून ठेवला. मग बोटाने खूण केली. मी वाचू लागले. दिवेवाला वरच्या खोलीत पोचला होता, काच पुसत होता. सवयीने माझ्या तोंडून पहिल्याच ओळीत 'स्वल्पविराम' निघून गेला आणि बाबांच्या पाठीला हसू फुटलेलं मला दिसलं. मी पुन्हा सुरुवात केली. अर्धं पान झालं असेल, त्यांनी हात वर केला. यंत्र थांबवलं, रीळ मागे नेलं आणि हेडफोन काढून ठेवला, म्हणजे मलाही ऐकू यावं. टेपवरचा काटा वाजला. त्यांनी हातातला काटा आपटला. दोन्ही सूर पहिल्यापासूनच एक होते. त्यामागून मी आले, जाड, संथ, ओल्या लोकरीसारखी.

बाबांनी स्टूल फिरवलं. त्या खोलीत त्यांना माझ्याकडे, म्हणजे त्या खुर्चीकडे, तोंड करून बसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मशीन बरोबर आहे," ते म्हणाले. "तुझा आवाज उतरलाय. काल दारातच कळलं मला. डॉक्टरकडे गेली होतीस?"

मी मान हलवली.

"तिच्या वेळी मी पट्टा बदलला," बाबा म्हणाले.

ते काटा फडक्याने पुसत राहिले. "ती गेल्यावर एकदा ऐकायला बसलो. पहिल्यापासून, काट्यापासून. तोवर प्रती काढताना मी तो ऐकतच नव्हतो. म्हटलं, तिचा आवाज मला माहीत आहे, काट्याची काय गरज." त्यांनी काटा यंत्रावर ठेवला. "मग ती खूण मीच खरवडली."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू तिला गोगलगाय म्हणायचीस," ते हळूच म्हणाले. "म्हटलं, तुला कशाला."

तेव्हा मी सगळं सांगितलं. गळ्यातली ग्रंथी, शरीराचा वेग, हृदयाभोवतीचं पाणी. डॉक्टरांना मी आईविषयी सांगितलेलं नव्हतं आणि आता कुणालाही खात्रीने सांगता येणार नव्हतं, हेही सांगितलं. मी बोलताना शब्दासाठी अडले तेव्हा त्यांनी तो पुरवला नाही. वाट पाहिली. शेवटी म्हणाले, "गोळीनं आवाज परत येतो?"

"येतो म्हणतात. सावकाश."

"आणि काळीज?"

"तेही येतं. वेळेवर घेतली तर."

त्यांनी एकदा आईच्या उशीकडे, म्हणजे माझ्या मागे डोकावणाऱ्या तिच्या कोपऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मी लिहिणार नाही. मग ते म्हणाले, "आज घेतलीस?"

"अजून एकही नाही घेतली."

"चहा व्हायचाय ना तुझा?"

"व्हायचाय."

ते उठले. गुडघ्यावर हात टेकवून, टप्प्याटप्प्याने. स्वयंपाकघरातून पेला भरल्याचा आवाज आला, तळापासून काठापर्यंत चढत गेलेला. त्यांनी पेला माझ्या हातात दिला आणि समोर उभे राहिले, लहान मुलाने औषध खरंच गिळलं की नाही ते बघायला राहतात तसे. मी पट्टी फोडली. गोळीला कसलीच चव नव्हती.

"आता अर्धा तास थांबायचं," मी म्हटलं. "चहा नाही, काही नाही."

"मग मीही नाही घेत," बाबा म्हणाले. माझं रीळ उतरवून त्यांनी आईचं चढवलं. काटा आपटला, टेपवरच्या काट्याशी जुळेपर्यंत कळ फिरवली आणि स्टूल माझ्या शेजारी ओढून घेतलं. आई जिना चढू लागली. दर तीन-चार पायऱ्यांनी ती थांबत होती, श्वास घेत होती, पुढचा शब्द शोधत होती. पुढचा शब्द काय आहे ते आम्हाला दोघांनाही माहीत होतं. आम्ही तिला घाई केली नाही.